बुडालेली जर्मन

अमरसिंहानं जर्मन गाडी घेतल्याचं अरीबाला गाडी दिसायच्या आधी फ्लेक्सवरून कळलं. उद्यमनगरच्या कोपऱ्यावर तो लागला होता. गॉगल लावलेला अमरसिंह गाडीला टेकून उभा, खाली बारा मित्रांचे फोटो आणि मधोमध 'हार्दिक अभिनंदन'. दुकानातून वस्तू विकत आणली म्हणून बारा जणांनी अभिनंदन करावं, असा पराक्रम अरीबानं याआधी पाहिला नव्हता. ती फ्लेक्सखालून स्कूटर काढून गॅरेजला गेली.

गॅरेज तिच्या वडिलांचं, शमशुद्दीनचं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. शमशुद्दीनची नजर अधू झाली तशी अरीबा पुण्याहून परत आली आणि तिनं ते हातात घेतलं. पुण्यात चार वर्षं ती असल्याच जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होती. त्या गाड्यांबद्दल तिला मनापासून आदर होता. एकेक बोल्ट विचार करून बसवलेला, एकेक वायर हिशेबात ओढलेली. मालकांबद्दल मात्र तिथंच तिचा आदर संपला होता. वळणावर गाडी रस्त्याला कशी धरून राहते ते त्यातल्या एकालाही ठाऊक नसायचं. गाडी धुतल्यावर चमकते कशी, एवढंच त्यांना माहीत.

अमरसिंह त्यातलाच, पण कोल्हापुरी. नगरसेवक होता होता राहिलेला. पडल्यापासून तो स्वतःला 'भावी' म्हणवून घ्यायचा, आणि भावी माणसाला साधी गाडी चालत नाही अशी त्याची समजूत होती. गाडी त्यानं पुण्याच्या एका दलालाकडून घेतली. सहा वर्षांची, पण रंग आरशासारखा. कुणा जाणत्याला दाखवली नाही. दाखवली असती तर जाणत्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं झालं असतं.

महिन्याभरातच तो गॅरेजच्या दारात आला. चारचौघांना ऐकू जाईल असा हॉर्न वाजवला आणि खाली न उतरता विचारलं, "चाचा कुठायत? दिवा पेटलाय एक. तेवढा घालवाय पायजे."

अब्बांना आता दिसत नाही, मीच बघते, असं अरीबा म्हणाली. अमरसिंहानं तिच्याकडं, मग गाडीकडं, मग पुन्हा तिच्याकडं पाहिलं आणि ओरखडा काढू नकोस असं बजावून तो उतरला.

तिनं स्कॅनर जोडला. एका दिव्यामागं चौदा बिघाड निघाले, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे बघून तिनं स्कॅनर बाजूला ठेवला आणि ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. पोटाला लागतो त्याच्या पुढं, पार शेवटापर्यंत. शेवटचा वीतभर पट्टा वेगळ्याच रंगाचा होता. त्यावर एक सरळ तपकिरी रेघ होती. तिनं नखानं खरवडलं. बारीक, पिठासारखा गाळ.

हा गाळ काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. महापुरात दुधाळीतलं त्यांचं घर पाच दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर फ्रीजच्या मागून, कपाटाच्या बिजागरीतून, शिलाई मशीनच्या पोटातून तिनं स्वतःच्या हातानं तो काढला होता. तरी दोन वर्षं तो कुठून कुठून निघतच होता.

"अमरदादा, ही गाडी बुडालेली हाय," ती म्हणाली. "सीटच्या वरपर्यंत पाणी होतं. आतले वायरिंगचे डबे सगळे भिजल्यात. आज चालतीय, पर हळूहळू एकेक जाणार."

अमरसिंह हसला. मग त्याला रागही आला. ॲक्टिवाचे प्लग पुसणाऱ्यांनी जर्मन गाडीबद्दल बोलू नये, असं काहीसं बोलून, दिवा तसाच पेटता ठेवून तो निघून गेला. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासल्याचा आवाज अरीबाला आतपर्यंत ऐकू आला.

पुढचे तीन महिने गाडीनं अरीबाचा शब्द खरा केला. सगळं गावभर झालं, त्यामुळं सांगायला साक्षीदार कमी नव्हते. आधी मागची काच खाली गेली ती वर येईना. मग गाणी आपोआप लागायला लागली, तीही तो एका मयताला गेला असताना. मे महिन्यात सीट तापवायची सोय स्वतःहून चालू झाली आणि बंदच होईना. अमरसिंह ढुंगणाखाली भाताच्या पेंढ्याची चटई घालून रंकाळ्याला चक्कर मारायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, पाठीच्या दुखण्यावर जर्मनीत हाच इलाज करतात. ताशी अडीचशेनं पळणारी गाडी शाहूपुरीत रिक्षामागं दहानं सरकायची, आणि आत हा माणूस घामानं निथळत, काच खाली करून लोकांना हात दाखवायचा. अरीबाला हसू यायचं ते त्याचं. गाडीची मात्र तिला कीव यायची. एवढं चांगलं इंजिन, आणि कुणाच्या तावडीत सापडलं.

जून लागायच्या आत अमरसिंह पुन्हा आला. या वेळी हॉर्न वाजवला नाही. गाडी बाहेर उभी करून, चप्पल काढून आत आला, शमशुद्दीनची तब्येत विचारली. मग मुद्द्यावर आला. गडहिंग्लजचे बसवराज आण्णा म्हणून बडे व्यापारी आहेत, त्यांना गाडी पसंत पडली आहे. पण त्यांची एकच अट, पुण्यात काम केलेल्या माणसानं बघून द्यावी. अरीबानं फक्त दिवे घालवायचे आणि 'गाडी चांगली' एवढे दोन शब्द बोलायचे.

"मी बघीन ते बोलीन," अरीबा म्हणाली.

अमरसिंहानं आधी तिला मोठी रक्कम देऊ केली. मग गॅरेजचा पत्रा फुटपाथवर आलाय, तक्रारी होत असतात, आपण दाबून ठेवतो, असंही सहज बोलल्यासारखं बोलून गेला. खुर्चीवर बसलेल्या शमशुद्दीननं मान वर केली. तो म्हणाला, "खोटंच बोलायचं आसतं तर शिकाय पुण्याला कशाला धाडली आसती? त्ये हितं बी शिकता आलं आसतं. तुमच्याकडं."

अमरसिंहाला दुसरा माणूस मिळेना, आणि आण्णा तर रविवारी येणार होते. समोर गिऱ्हाईक असलं की पोरगी नरमेल, असा अंदाज बांधून त्यानं तिलाच बोलावलं.

बसवराज आण्णा साठीचे, पांढरे शुभ्र कपडे, कपाळावर विभूती, बोलणं मऊ. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून अरीबानं चालवायची, आण्णांनी शेजारी बसायचं आणि अमरसिंहानं मागं, असं ठरलं. कागलपर्यंत जाऊन यायचं.

हायवेला लागल्यावर अरीबानं पाय थोडा दाबला. गाडी आवाज न करता पुढं झेपावली. उचगावचा पूल कधी मागं गेला कळलं नाही. स्टिअरिंग बोटाच्या टोकांनी वळत होतं. इतक्या वर्षांत कुणी या गाडीला तिच्या जोगतं चालवलंच नव्हतं, आणि गाडीनं त्याचा राग धरलेला दिसला नाही. चार-पाच मिनिटं अरीबा बाकी सगळं विसरली. आत पाणी शिरून कुजत चाललेली गाडी अशी धावते, तर कोरी असताना कशी धावली असेल, असं तिला वाटलं आणि वाईटही वाटलं. मागून अमरसिंह सांगत होता की अशी गाडी जिल्ह्यात तिघांकडंच आहे. आण्णा दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते.

कागलच्या अलीकडं एका हॉटेलपाशी तिनं गाडी बाजूला घेतली. आण्णांच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढला आणि ती तपकिरी रेघ त्यांना दाखवली. ही पुरात बुडालेली आहे, इंजिन वाचलंय, वायरिंग वाचणार नाही, आज ना उद्या रस्त्यात उभी राहील, हे तिनं स्वच्छ शब्दांत सांगितलं. मागच्या सीटवर अमरसिंहाचं तोंड उतरलं होतं.

आण्णांनी गाळ दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग त्यांनी विचारलं, "पर हे कुणाला दिसतंय का, अक्का?"

अरीबाला प्रश्नच कळला नाही.

"म्हंजे बाहीरनं. बघणाऱ्याला. दारात हुबी केली तर कळंल का?"

बाहेरून कळणार नाही, ती म्हणाली.

"मग झालं की," आण्णा म्हणाले.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं. त्यांच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न ठरलं होतं. व्याही बेळगावचे, घरात तीन गाड्या. आण्णांच्या दारात एक जुनी जीप. लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात एखादी वजनदार गाडी उभी पाहिजे, एवढंच. ती पळायला कशाला पाहिजे? पळणाऱ्या गाड्या रग्गड आहेत. नोडरी, बघा, म्हणाले, देव्हाऱ्यातला घोडा कधी पळतो का?

त्यानंतर दोघं पुरुष हॉटेलात बसले. अरीबानं सांगितलेला एकेक दोष आण्णांनी अमरसिंहासमोर मांडला आणि एकेका दोषामागं भाव खाली आणला. अमरसिंहही सावरला. बघा आण्णा, म्हणाला, मी मुद्दाम जाणकार आणली, आपला व्यवहार आरशासारखा. चहा झाला, भजी झाली, हातावर हात पडला. अरीबा बाहेर गाडीपाशी उभी होती. तिला चहा विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. या दोघांना आपण खरं सांगायला गेलो, आणि त्यासाठी आदली रात्र तळमळून काढली, याची तिला मनातून लाज वाटली. खरं हे त्यांच्या लेखी घासाघिशीचं एक वजन होतं, याच्या तागडीतून उचलून त्याच्या तागडीत टाकायचं.

निघताना आण्णा तिच्या जवळ आले. "अक्का, एकच विनंती. गडहिंग्लजात कुणाजवळ बोलू नगा." फोन नंबर मात्र त्यांनी घेऊन ठेवला.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी तिचा फोन वाजला. आण्णा कुजबुजत बोलत होते. मागं ताशा आणि बँडचा दणका चालला होता, पण भिंतीपलीकडून यावा तसा दबका. दोनदा विचारल्यावर तिला कळलं की आण्णा गाडीच्या आत आहेत. पुढच्या सीटवर आण्णा, मागं व्याही आणि विहीणबाई. गाडी कार्यालयाच्या दारात आली, बंद पडली, ड्रायव्हर उतरून वाट करायला गेला तो गर्दीतच अडकला आणि दरवाजे आपसूक खटाखट लॉक झाले. आत राहिलेल्या किल्लीनं उघडेनात. काचा खाली जाईनात. गार हवा बंद. पाऊण तास झाला होता.

"आन् बाहीरची मंडळी काय करत्यात?" अरीबानं घाबरून विचारलं.

"त्यास्नी काय म्हाईत. मिरवणुकीसाठी बसलोय वाटतंय. फोटो काढाय लागल्यात," आण्णा म्हणाले. मागून विहीणबाईंचा कण्हल्यासारखा कानडी आवाज आला.

काच फोडा, ताबडतोब फोडा, माणसं गुदमरतील, असं अरीबा म्हणाली. आण्णा म्हणाले, काच कशी फोडणार, गाडी सजवलेली आहे, व्याह्यांसमोर कसं दिसेल? बाहेर खुणाही करता येत नव्हत्या. खूण केली की बिघाड झाला हे कळलं असतं. म्हणून तिघंही घामानं भिजून, फोटोसाठी हसत बसले होते.

अरीबानं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "आण्णा, दाराचं आतलं हँडल वडा."

"वडलंय की. उघडत न्हाय."

"दोनदा वडा. लागोपाठ."

खट्. खट्. मग बँडचा आवाज एकदम मोठा होऊन तिच्या कानात घुसला आणि फोन बंद झाला. सहा महिने गाडी त्यांच्या दारात उभी होती. रोज पुसली जात होती, रोज तिला हार घातला जात होता. दार आतून कसं उघडतं, हे पाहावंसं एकालाही वाटलं नव्हतं. शमशुद्दीननं काय झालं विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, माणसं वाचली ना, मग जाऊ दे. अरीबाला जाऊ देता आलं नाही. दिवसभर ती हातातल्या पक्कडीवर राग काढत राहिली.

चार दिवसांनी आण्णांचा पुन्हा फोन आला. आभार मानायला असेल असं समजून तिनं उचलला. आण्णांचा आवाज आता मोकळा होता. लग्न दणक्यात झालं, म्हणाले, गाडीचं सगळ्यांनी नाव काढलं. आणि एक काम होतं. व्याह्यांना गाडी फार आवडली होती. आत बसल्यावर बाहेरचा आवाज अजिबात येत नाही, याचं त्यांना विशेष वाटलं होतं. तशीच एखादी, रंग पांढरा, अक्कांच्या नजरेत असेल तर बघायची होती.

अरीबानं हातातली वायर खाली ठेवली. "व्याही सोता चालवत्यात का?"

"छे हो, अक्का. त्यास्नी नुसती बसाय पायजे."

"मग सोफा घ्या म्हणावं," अरीबा म्हणाली.

पलीकडं आण्णा खो खो हसले. त्यांना ती थट्टा वाटली. बजेटचं टेन्शन घेऊ नका, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.