पहिली आलेली टोळी

रुख्मिणीने स्वतःच्या यंत्रात कापूस टाकला आणि न बघताच डावा हात लांबवून शेजारच्या मनकर्णाबाईच्या यंत्रातही ओंजळभर लोटला. पलीकडून जाईबाईने तेच केलं. मधे बसलेली मनकर्णाबाई नुसतेच हात हलवत होती. मोतीबिंदूने तिला दिसेनासं झालं होतं, आणि अकोल्याच्या त्या जिनिंग फॅक्टरीत ही गोष्ट या दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा तो पहिलाच हंगाम. मुंबईहून एक साहेब आले होते, गळ्यात घड्याळ अडकवून. तीन-तीन बायकांच्या टोळ्यांत कुणाचा आपसात मेळ किती, हे ते मोजत होते. माणसांचा मेळ घड्याळावर मोजायचा म्हणजे हद्दच झाली! पण मागे पडणाऱ्या टोळ्यांना घरी बसवणार, अशी कुणकुण होती. मनकर्णाबाईला या मजुरीवाचून दुसरा आधार नव्हता.

"मी जातो व पोरी घरी. माह्यापायी तुमी काहून मरून राहिल्या?"

"चूप बस व मावशी," रुख्मिणी म्हणाली. "आपली टोळी पयली आली तं तुले कोन हात लावते?"

आठवडाभर तिने जिवाचं रान केलं. जाईबाईचे खांदे भरून आले, तरी तिला उसंत घेऊ दिली नाही.

शनिवारी पुंजाजी मुकादम हसतच आला.

"साहेब लय खूश हायेत. पयला नंबर तुमचा! असा मेळ त्याईनं कुठंच नाई पायला म्हने."

जाईबाईने पदरात तोंड लपवलं. रुख्मिणीने मनकर्णाबाईचा हात घट्ट दाबला.

"म्हनून सोमवारपासून तुमी तिघी तीन टोळ्यांत," पुंजाजी पुढे म्हणाला. "जिथं मेळ नाई, तिथं तुमी शिकवान. मनकर्णाबाई, तुमी त्या टोकाच्या यंत्रावर."

रुख्मिणी पुढे झाली. "दादा, आमाले एकाच जागी राहू द्या न."

"काहून? काई अडचन हाये का?"

तिने मनकर्णाबाईकडे पाहिलं. सांगावं तरी नोकरी जाणार, न सांगावं तरी जाणार. पहिला नंबर आणायची अवदसा तिलाच आठवली होती.

"काई नाई," ती म्हणाली.

सोमवारी साहेब घड्याळ घेऊन टोकाच्या यंत्रापाशी उभे राहिले. मनकर्णाबाई नेहमीसारखेच हात हलवत होती. यंत्र रिकामंच फिरत होतं.

इकडे रुख्मिणीचा डावा हात आपसूक लांब झाला. शेजारच्या नव्या बाईने तो चिडून बाजूला सारला.