सतराशे मैल आणि पाठचा वारा

कॉनीची तार आली आणि उत्तनच्या कॅजिटन तांडेलाच्या घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षांपूर्वी नर्स म्हणून कुवेतला गेलेली लेक एका आजारी बाईला घेऊन सिंगापूरला चालली होती. ‘मंगळवारी सहाला निघते. सांताक्रूझला अर्धा तास. गॅलरीत या.’ बस, एवढंच. विमान पोचणार कधी, ते नव्हतं. तारेत शब्द वाचवण्याची अक्कल तिला आईकडून आलेली.

भाचा इग्नेशियस कचेरीत कारकून, म्हणजे गावचा पंडितच. त्याने कागद ओढला. कुवेतचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे सहा ते आपले साडेआठ. अंतर सतराशे मैल, जाताना चार तास लागलेले. “विमान साडेबाराला उतरणार, मामा. माझ्या दोस्ताचा टेम्पो हाय. सव्वाबाराला पोचवतो.”

कॅजिटनने कॉनीचं पहिलं पत्र पुन्हा वाचायला लावलं. त्यात तिने लिहिलं होतं, ‘समोरून वारा होता, म्हणून अर्धा तास जास्त लागला.’

“मग येताना तो वारा पाठीवर,” कॅजिटन म्हणाला. “जाताना अर्धा तास खाल्ला, येताना तेवढा देईल. वारा नसता तर साडेतीन, पाठीवर असला तर तीन तास. साडेअकरा.”

“मामा, विमान म्हणजे काय आपली होडी हाय? मैल तेवढेच ना?”

“मैल तेवढेच. वारा दोन्हीकडं सारखा न्हाय. ती गेली तवाबी डिसेंबर, आताबी डिसेंबर, वारा तोच.”

गाव हसलं. चाळीस वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला कारकुनाने वारा शिकवावा, याचा कॅजिटनला भयंकर राग आला. पण रागापेक्षा भीती मोठी होती. आपलं चुकलं तर तासभर ताटकळणं, इग्नेशियसचं चुकलं तर लेक डोळ्यांआड. मग पुन्हा चार वर्षं.

“मी तुमच्याबरोबर येते,” त्याची बायको पॅट्रिशिया म्हणाली आणि होडीचा लाल-पिवळा बावटा काठीसकट पिशवीत कोंबला. इग्नेशियस तीन मावश्यांना घेऊन टेम्पोने यायचा होता.

पहिल्या एसटीने भाईंदर, तिथून गाडीने सांताक्रूझ. अकरा वाजताच दोघं विमानतळाच्या प्रेक्षक-गॅलरीच्या कठड्याला चिकटली. साडेअकरा झाले. आभाळ कोरडं. कॅजिटनने तळहाताची सावली करून पश्चिमेकडे बघितलं.

अकरा पस्तीसला विमान टेकलं.

शिडीवरून माणसं उतरली. खाली कोट, टोप्या, सगळे सारखेच. तेवढ्यात पॅट्रिशियाने बावटा उघडला. किनाऱ्यावरून आपली होडी बावट्यावरूनच ओळखतात, शिकवावं लागत नाही. पांढऱ्या कपड्यांतली एक पोर थबकली, आजारी बाईचा हात धरूनच वर बघून ओरडली, “आये! बा!”

कॅजिटन कठड्यावरून वाकला. नुसता हसत होता आणि डोळे वाहत होते. परत चढतानाही ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर वळली आणि आईने बावटा गुंडाळेपर्यंत हात हलवत राहिली.

बरोबर सव्वाबाराला इग्नेशियस मावश्यांसकट धापा टाकत वर आला. “मामा, कुठाय विमान?”

कॅजिटनने पूर्वेकडे बोट दाखवलं. आभाळात एक ठिपका उरला होता.

“सिंगापूरला ती कधी पोचंल, मामा?” इग्नेशियसने खिशातली पेन्सिल काढली नाही.

“लवकर,” कॅजिटन म्हणाला. “वारा अजून पाठीवरच हाय तिच्या.”