किलवणी रस्त्यावरचे खारट थेंब

किलवणी रस्त्यावरच्या त्या चिमुकल्या चॅपलसमोर भर आषाढात ही झुंबड! पोर्तुगीज गेले, त्यांचं हे प्रार्थनाघर मागे राहिलं. आत चार माणसं शिरली की पाचव्याला जागा नाही. आणि मेरीमातेच्या कोनाड्याखालून भिंतीवर थेंब ओघळत होते.

"माता रडे छे!" गजाननबुवा ओरडत होता. कुठून उपटला होता कोण जाणे! "चाखून बघा, खारट! अश्रूच ते! आजारी लेकरांची दृष्ट काढा, मीठ-मोहऱ्या चुलीत नका टाकू, मातेच्या पायाशी वाहा. हे पाणी पाजा. औषध बंद, नाहीतर माता कोपेल!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशी रागापेक्षा भीती जास्त होती. रांगेत शेजारच्या शोभावहिनी होत्या, कडेवर हिवतापाने फणफणलेली त्यांची मंगला. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या.

"वहिनी, घरी चला."

"भावजी, मातेसमोर असं बोलू नका हो. एकुलती एक पोर आहे माझी."

मी कोनाड्यात डोकावलो. बुवा आल्यापासून लोकांनी वाहिलेल्या मिठाचा हा ढीग! ढिगाखालची भिंत तेवढी ओली, बाकी सगळी कोरडी. मंगला ग्लानीत गेली तशी मी तिला सरळ उचललं आणि त्यांच्या घराकडे निघालो, गोळ्या तिथेच होत्या. वहिनी रडत मागे आल्या.

स्वयंपाकघरात मिठाचं मडकं बाजूला सरकवलं. मागच्या भिंतीवर तसेच थेंब.

"चाखा. आता सांगा, ही भिंत कोणासाठी रडते?"

"अहो, ही तर दर पावसाळ्यात पाझरते. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि..." वहिनी मधेच थांबल्या. मग त्यांनी मंगलाला जवळ ओढलं. "अगं बाई! मग मी पोरीला काय पाजलं हो?"

गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने दिली. ताप उतरायला चार दिवस लागले. ते कसे काढले, आमचं आम्हाला ठाऊक.

मंगलाने मऊ भात मागितला आणि तिकडे बुवाची आरोळी, "मातेने पोर उठवली!"

वहिनी तडक चॅपलपाशी गेल्या. "गोळ्यांनी उठवली! तुझ्या नादी लागून मी तिला मारत होते, मेल्या! लोकहो, हे तुम्हीच वाहिलेलं मीठ पाझरतंय!"

बुवा गर्दीतून मागे सरकला. काही लोक परतले. एक बाई मात्र तापलेलं लेकरू घेऊन तिथेच उभी राहिली. तिच्यासाठी हे लिहितोय. बाई गं, मातेपुढे हात खुशाल जोड, पण आधी दवाखाना गाठ. मीठ हवेतलं पाणी ओढतं, लेकराच्या अंगातला ताप नाही.