गाडीला झोप नाही

सेल्फ मारला तशी गाडी नुसती टकटक करून गप्प बसली. थोरल्याने पुन्हा चावी फिरवली. या वेळी टकटकही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मंद पेटले आणि डोळे मिटावेत तसे विझले.

इमारतीच्या तळघरातल्या त्या पार्किंगमध्ये शेजारचे पेन्शनर आपली स्कूटर पुसत होते. ते मान वर न करता म्हणाले, "मीटरकाका, आज पण?"

"आज पण."

"साऱ्या जगाच्या गाड्या तुम्ही उठवता, आणि घरची ही अशी."

"घरची आहे म्हणूनच. लाड करून घेते."

तोवर जिन्यावर चपला वाजल्या. धाकटा भाऊ वरच्या मजल्यावरून उतरला, तो हातात जंपर केबल घेऊनच.

"दादा, बोनेट उघड."

"तुला कुणी बोलावलं?"

"तुझा सेल्फ वरपर्यंत ऐकू येतो. साऱ्या बिल्डिंगला कळतं, आज तुझी सुट्टी आहे म्हणून." धाकट्याने आपली गाडी शेजारी आणून उभी केली, लाल चिमटा लालला आणि काळा काळ्याला लावला. "कुठं निघालास?"

"कुठं नाही. येतो जरा चक्कर मारून."

"ये की. वारा लागेल जिवाला."

गाडी सुरू झाली. थोरल्याने काचेतून हात हलवला, धाकट्यानेही हलवला. दोन भावांमध्ये याहून गोड काही बघायला मिळालं नसतं.

दोघांचं गॅरेज गाड्यांच्या वायरिंगचं. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता, आणि थोरल्याने त्याला शाळा सुटल्यावर आपल्या शेजारी बसवून हातात टेस्टर दिला. पुढे गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले, तेव्हा धाकटा स्कॅनर शिकून आला. तेव्हापासून गाडी आत घेतली की धाकटा मशीन लावायचा, कुठल्या खोलीत आग लागली आहे ते सांगायचा, आणि थोरला हातात करंट मोजायचा मीटर घेऊन त्या खोलीत शिरायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, या दोघांची जोडी म्हणजे एकाच वायरची दोन टोकं.

आता थोरला सुट्टीच्या दिवशी जायचा कुठे, तर ताईकडे. आणि हे घरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

ताई म्हणजे दोघांची मोठी बहीण. आई शेवटच्या आजारात तिच्याकडे होती. आईला मशीनवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताईने भावांना न विचारता नको म्हणून सांगितलं. धाकटा पोचला तेव्हा आईवर चादर ओढलेली होती. धाकट्याचा सारा जन्म मशीनवर विश्वास ठेवण्यात गेलेला. मशीन लावलं असतं तर, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते निघेना. गॅरेजमध्ये त्याने एकदा पाना खाली ठेवून सांगितलं, "दादा, त्या घराची पायरी जो चढेल तो माझा कुणी नाही." थोरल्याने मान हलवली. त्या वेळी मान हलवणं सोपं होतं.

मग एका सुट्टीला तो गाडी घेऊन उगाच निघाला आणि ताईच्या दारातच जाऊन थांबला. ताईने दार उघडलं. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "आलास? तो पंखा बघ रे जरा, खडखड करतोय." पंखा झाला, मग स्वयंपाकघरातलं बटण, मग बाथरूमचा गीझर. घरातलं दुरुस्त करण्यासारखं सगळं संपलं तरी तो जात राहिला. चहा घ्यायचा, ताईच्या गुडघ्यांचं ऐकायचं आणि उठायचं. आईचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

आठवडाभर गाडी तळघरात उभी. गॅरेज चालत जाण्याइतकं जवळ होतं. गाडी लागायची ती फक्त सुट्टीला, आणि नेमकी सुट्टीलाच ती मेलेली असायची.

थोरल्याने आधी दोष बॅटरीला दिला. तर धाकट्याने स्वतः जाऊन नवी बॅटरी आणली, स्वतः बसवली, टोकांना ग्रीस लावलं आणि वर फडक्याने पुसली. "माझ्याकडून घे रे," म्हणाला. थोरल्याला इतकं भरून आलं की त्याने तोंड फिरवून उगाच हवेचं प्रेशर बघितलं.

नवी बॅटरीही पुढच्या सुट्टीला उतरली. धाकट्याने स्कॅनर लावला आणि स्क्रीन त्याच्यापुढे धरली. "बघ, सगळं हिरवं आहे. वय झालं दादा गाडीचं. काढून टाक."

"माझंही झालंय. मलाही काढतोस का?"

धाकटा हसला. पण थोरल्याच्या मनातून ते जाईना. दुसऱ्याच्या गाडीत करंट कुठे गळतो ते जो शोधतो, त्याच्याच गाडीत चोर शिरावा आणि सापडू नये, हे त्याला फार लागलं.

एका दुपारी रस्त्यात बंद पडलेली कुणाचीशी गाडी बघायला धाकटा बाहेर गेला होता. थोरल्याने आपली गाडी गॅरेजच्या पत्र्याखाली आणून घेतली.

गळती शोधायची तर आधी गाडी झोपू द्यावी लागते. हल्लीची गाडी बंद केली म्हणून लगेच बंद होत नाही. आत कितीतरी छोटे कॉम्प्युटर असतात, ते एकेक करून आवरतात आणि मग झोपतात. माणूस दार उघडं ठेवून बसला तर तिला वाटतं, मालक अजून जागा आहे. म्हणून थोरल्याने दाराचं कुलूप उघड्या दारातच स्क्रू ड्रायव्हरने दाबून मिटवलं. गाडी फसली. मग बॅटरीच्या वाटेत मीटर जोडला आणि तो स्टुलावर बसून राहिला.

आकडा उतरत गेला. उतरता उतरता मध्येच अडला. झोपलेल्या गाडीला थेंबभर करंट पुरतो. हिचा नळ मात्र अर्धा उघडा होता. सगळं घर निजलं आणि एक जण अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडला, तसं काहीतरी आत होतं.

फ्यूज उपटून बघायची चूक नवशिके करतात. उपटला की गाडी जागी होते आणि चोर गर्दीत मिसळतो. थोरल्याने एकही फ्यूज हलवला नाही. प्रत्येकाच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरची टोकं हलकेच टेकवत तो पुढे सरकत गेला. आतल्या दिव्याच्या फ्यूजवर आकडा हलला. पण आतला दिवा तर विझलेला होता.

मग तो सीट मागे सारून उताणा झाला आणि स्टिअरिंगखाली डोकं घातलं. मूळच्या वायरींच्या जुडग्यात एक बारीक वायर जास्तीची होती. ती मागे, वर, एसीच्या नळीआड गेली होती. तिच्या टोकाला काड्यापेटीएवढी काळी डबी आणि डबीवर हिरवा ठिपका. जीपीएस. गाडी कुठे जाते, कुठे उभी राहते, ते दुसऱ्याच्या फोनवर दाखवणारी. गिऱ्हाइकांच्या गाड्यांत त्याने स्वतः कितीतरी बसवल्या होत्या. तळघरात रेंज नाही, या पत्र्याखालीही नाही. बिचारी रात्रंदिवस हाका मारत बसली होती आणि त्या हाकांवर बॅटरी संपत होती. स्कॅनरला ती दिसणार कशी? स्कॅनर गाडीची स्वतःची माणसं मोजतो. बाहेरून आणून बसवलेलं त्याच्या हिशेबात नसतं.

इतकं कळल्यावर त्याला आधी आनंद झाला. चोर सापडला होता. मग त्याने जोड बघितला.

जोडावर टेप घट्ट आणि तिरकी गुंडाळलेली होती, आणि शेवटचं टोक आत दुमडून त्याची इवलीशी जीभ बाहेर ठेवली होती. पुढे कधी कुणाला जोड उघडायचा झाला तर नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून. ही पद्धत कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. थोरल्याने ती स्वतः काढली होती आणि आयुष्यात एकालाच शिकवली होती.

तो तसाच उताणा पडून राहिला. हिरवा ठिपका डोळ्यांसमोर लुकलुकत होता. बोनेट उघड, दादा. कुठं निघालास, दादा. माझ्याकडून घे रे. सगळं एकेक करून आठवलं आणि प्रत्येक आठवणीची उलटी बाजू दिसत गेली.

धाकटा परत आला तेव्हा थोरला बाहेर येऊन स्टुलावर बसला होता. डबी गाडीच्या दाराबाहेर वायरीवर लोंबत होती. धाकट्याने ती बघितली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि हात पुसायला लागला. हात मळलेले नव्हते.

"जोड चांगला केलास," थोरला म्हणाला.

धाकट्याने फडकं घडी करून बोनेटवर ठेवलं.

"पण कायमच्या करंटवर कशाला घेतलंस? चावीनंतरच्या फ्यूजवर घेतलं असतंस तर बॅटरी उतरली नसती. मला कळलंही नसतं."

"गाडी बंद केल्यावर कुठं उभी राहते, तेच बघायचं होतं." धाकट्याने सरळ सांगून टाकलं. "चावी काढली की डबी बंद, मग काय दिसणार?"

हे बरोबर होतं. थोरल्यालाही ते कबूल करावं लागलं.

"विचारायचं होतंस."

"सांगितलं असतंस?"

थोरल्याने थोडा वेळ खरंच विचार केला. "नसतं सांगितलं."

"मग?"

"मग काय? हाताखाली वाढवलेल्या माणसाने माझ्यामागे असं कुत्रं सोडायचं?"

"आणि तू, दादा? माझ्यासमोर मान हलवलीस आणि तिच्याकडे जाऊन चहा पितोस. दर सुट्टीला. तुझी गाडी मीच चालू करून द्यायचो आणि तू मला सांगायचास, चक्कर मारून येतो. केबल लावताना मला काय वाटत होतं?"

"मग कशाला लावत होतास?"

"एखाद्या दिवशी सांगशील म्हणून."

पत्र्यावर उन्हाने कडकड आवाज होत होता. थोरला म्हणाला, "ती आपली बहीण आहे."

"आणि गेली ती माझी आई होती."

"माझी नव्हती?"

धाकटा वळला आणि जाता जाता म्हणाला, "वहिनीनंच मला आधी विचारलं होतं, हे जातात कुठं म्हणून. डबी लावतो म्हटलं तर गप्प बसली. एकटा मीच वाईट आहे असं समजू नकोस." मग पकड घेऊन आला आणि डबीची वायर कचकन तोडली. डबी खिशात टाकली.

तुटलेल्या टोकात करंट होता. ते उघडं सोडून चालणार नव्हतं. थोरला पुन्हा आत शिरला आणि टोकावर टेप गुंडाळली.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिने त्याचं तोंड बघितलं आणि ताट पुसता पुसता स्वतःच म्हणाली, "मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

"काहीबाही."

"या वयात?"

"वयाचं मला नका सांगू. सुट्टी आली की कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचात. गॅरेजला कधी घातलात?" ती ताट मांडणीवर ठेवत थांबली. "ताईंकडे जाता हे कळल्यावर बरं वाटलं मला."

"कधी कळलं?"

"बरेच दिवस झाले."

"आणि तरी दर वेळी शर्टाला इस्त्री करून, कुठं चाललात, असं विचारायचीस?"

"तुम्ही काय सांगता ते बघायला विचारायचे," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्या घरात त्या रात्री कुणी भांडलं नाही. भांडायला कुणाची बाजू स्वच्छ नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेची गाडी आली. पावसापाण्यात मधूनच बंद पडते, म्हणाल्या, आणि संध्याकाळी येते सांगून गेल्या. धाकट्याने मशीन लावलं आणि बोट दाखवलं. थोरल्याने इंजिनखालची गंजलेली अर्थिंगची पट्टी शोधली, खरवडून चकचकीत केली, पुन्हा आवळली. दोघांचे हात एकाच जागी चालत होते आणि एकमेकांना लागत नव्हते. पाना हवा असेल तर पाना मिळत होता. काम झालं, आणि नेहमीच्या सवयीने थोरला गाडीत जाऊन बसला. धाकटा बोनेटपाशी मीटर धरून उभा राहिला. बोनेट वर असल्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. अशा वेळी बोनेटपलीकडून "दादा, मार" अशी आरोळी यायची, आणि थोरला सेल्फ मारायचा. वर्षानुवर्षं असंच.

तो चावीवर हात ठेवून वाट बघत बसला.

पलीकडून सावकाश आवाज आला, "चावी फिरवा तुम्ही."

थोरल्याला वाटलं, त्या शिक्षिका लवकर आल्या असतील, धाकटा त्यांच्याशी बोलत असेल. त्याने वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. त्याने चावी फिरवली.