सहा सेकंद कमी

ताई शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि आवाज असा, की मैदानाच्या टोकाला रेंगाळणारी मुलं जागच्या जागी सरळ व्हायची. घरी त्या घड्याळाचं काम वेगळं होतं. तिचे दोघे भाऊ मोटारींच्या शर्यतीत उतरायचे आणि शर्यतीआधी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, डोळे मिटून, अख्खी फेरी मनातल्या मनात चालवायचे. स्टीअरिंग म्हणून हातात जेवणाचं ताट. "निघालो" म्हटलं की ताईने घड्याळ दाबायचं, "पोचलो" म्हटलं की थांबवायचं. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर या घराला वेड लागलंय असं म्हटलं असतं. पण दोघांतल्या थोरल्याची, म्हणजे भाऊची, मनातली फेरी आणि रस्त्यावरची फेरी यांत अर्ध्या सेकंदाचाही फरक पडत नसे.

शर्यत शहरातल्या नेहमीच्या रस्त्यांवरच व्हायची. तेवढे तीन दिवस दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उभ्या राहायच्या, आणि औषधांच्या दुकानदाराला स्वतःच्याच दुकानात मागच्या दाराने चोरासारखं शिरावं लागायचं. भाऊला घरात चहाची गाळणी सापडत नसे, पण त्या रस्त्यांवरचं गटाराचं एकूण एक झाकण तोंडपाठ होतं.

गेल्या वर्षी याच शर्यतीत धाकटा, म्हणजे बारक्या, टपाल कचेरीच्या वळणावर भिंतीवर आदळला आणि जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर वर्षभर भाऊने गाडीला हात लावला नाही. यंदा मात्र तो उतरणार होता. शर्यत रविवारी. शुक्रवारी दुपारी तो स्टुलावर बसला आणि त्याने ताट हातात घेतलं.

"निघालो."

पाय जमिनीवर दाबले जात होते, खांदे वळत होते. ताईला ते बघून बरं वाटलं.

"पोचलो."

तिने घड्याळ पाहिलं. एक मिनिट छत्तीस. या रस्त्यांवर आजवर कुणीच एक बेचाळीसच्या आत आलं नव्हतं.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा छत्तीस. तिसऱ्यांदाही छत्तीसच.

"बघ! गंज नाही चढला अजून," भाऊ खुशीत म्हणाला.

ताईला मात्र कळलं. हा वेग नव्हता. फेरीतला एक तुकडाच गळत होता, आणि कुठला ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जे वळण मनातच नाही, ते रविवारी भरधाव समोर आलं तर याचा पाय ब्रेकवर जाणार कधी? बोलावं तर जखमेची खपली निघणार, गप्प बसावं तर हाही त्याच भिंतीवर जाणार.

"आता मोठ्याने बोलत चालव," ती म्हणाली.

"मी काय पहिलीत आहे का?"

"चालव म्हटलं ना!"

हा मैदानावरचा आवाज होता. भाऊने मुकाट्याने डोळे मिटले.

"निघालो. बँकेपाशी उजवीकडे, झाकणावर चाक नको. बेकरीवरून सरळ, सहावा गिअर. पुलाखाली डावीकडे..."

"थांब. बेकरीनंतर काय येतं?"

"पूल."

"भाऊ."

ताट हळूहळू मांडीवर आलं. डोळे त्याने उघडले नाहीत.

"मीच सांगितलं होतं त्याला," तो म्हणाला. "तो तिथे ब्रेक लवकर मारायचा. सरावाच्या दिवशी म्हटलं, वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीकडे बघूच नकोस. कचेरीच्या मनोऱ्याची सावली रस्त्यावर पडते, चाक सावलीत शिरलं की मगच ब्रेक. सराव दोन वाजता झाला, शर्यतही दोनलाच होती. पण ती दीड तास उशिरा सुटली. सावली वळणाकडे सरकली, ताई. तो पहिल्याच फेरीत तिची वाट बघत राहिला. माझं ऐकून."

ताई खाली फरशीवर बसली. त्याच्यावर चिडता आलं असतं तर फार बरं झालं असतं. ते तिला जमणार नव्हतं.

"मलाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी तो याच स्टुलावर बसला होता. मोठ्याने बोलला, 'सावली आली, ब्रेक.' मी ऐकलं रे. शाळेत मी रोज मुलांची रांग हलवते, भिंतीची सावली सरकते म्हणून. दर तासाला हलवते. आणि त्याला मी काय म्हटलं? 'एक त्रेचाळीस, छान.'"

तिला हुंदका आवरेना. भाऊ स्टुलावरून उतरून तिच्याशेजारी बसला. वर्षभर दोघं एकाच घरात, एकाच टेबलावर जेवले होते आणि हे दोघांनीही एकमेकांपासून लपवलं होतं.

मग ताईने पदराने तोंड पुसलं, ताट उचलून त्याच्या हातात दिलं.

"शंभरची पाटी," ती म्हणाली. "सावली नाही."

"निघालो."

या वेळी तो मनातच चालवत होता. मध्येच त्याचे खांदे थांबले, आणि मग पुन्हा हात वळले.

"पोचलो."

"एक एकोणपन्नास," ताई म्हणाली. "आता सात जास्त झाले."

"जरा थांबलो होतो," भाऊ म्हणाला, "त्याच्यापाशी."

ताईने घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

"रविवारी नको थांबूस," ती म्हणाली.