मॅलॅकी टूहीच्या दुकानाची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. आता एका परसात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून पडले आहे. पाठीत पावसाचे पाणी मुरते. पूर्वी मी आयर्लंडमधल्या बॅलिनकारा गावात मॅलॅकी टूहीच्या दुकानाच्या खिडकीला रोज रात्री लागत असे.

आम्ही पाच बहिणी होतो, हिरव्या रंगाच्या. त्यांत मी मधली, म्हणून एक काम माझ्या एकटीचे होते. गावात अंत्ययात्रा निघाली की प्रत्येक दुकानदार आपली मधली फळी खिडकीला लावी, दार ओढून घेई आणि यात्रा पुढे गेली की दुकान पुन्हा उघडत असे. गेलेला माणूस दारुडा असो की भांडखोर, ज्याच्याशी अर्धा रस्ता बोलत नव्हता असा असो, त्याच्यासाठी फळी लागायचीच.

मॅलॅकी चहा, पीठ, खिळे विकता विकता राजकारणात शिरला. बाजाराच्या दिवशी तो दारात साबणाचे खोके उपडे घालून त्यावर उभा राही आणि आयर्लंडने इंग्रजांकडून सगळेच्या सगळे स्वातंत्र्य मिळवले पाहिजे, असे सांगे. आत त्याची बहीण डेलिया एकटी गिऱ्हाईक सांभाळी. ती म्हणायची, "देश संध्याकाळपर्यंत थांबेल रे. पिठाला आलेली बाई थांबायची नाही."

समोर विनी लार्किनचे कापडाचे दुकान होते. तिचा लहानगा कॉर्मक माझ्यावर पाठ टेकून प्रत्येक भाषण ऐके आणि घरी जाऊन आईला म्हणून दाखवी. त्याच्या पाठीची ऊब मला अजून आठवते.

पुढे इंग्रजांशी करार झाला. हाती आले ते अपुरेच होते. मॅलॅकी म्हणाला, मिळाले ते घेऊ, उरलेले पुढे मिळवू. नव्या सरकारने त्याला डब्लिनमध्ये सिनेटर, म्हणजे वरच्या सभागृहाचा सभासद, केले. कॉर्मक तोवर विशीत आला होता. अपुरे घेणे म्हणजे खोक्यावरून दिलेला शब्द मोडणे, असे म्हणून तो बंदूक घेऊन डोंगरात गेला. त्याच हिवाळ्यात या नव्या सरकारच्या सैनिकांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला.

अंत्ययात्रेच्या सकाळी मॅलॅकी डब्लिनहून आला. त्याने मला स्वतः उचलले. तेवढ्यात काळी शाल पांघरलेली विनी रस्ता ओलांडून आली.

"ठेव ती खाली, मॅलॅकी."

"फळी सगळ्यांसाठी लागते गं, विनी."

"त्याला डोंगरात धाडलं तुझ्या भाषणांनी आणि मारलं तुझ्या सरकारनं. तुझ्या फळीचा मान माझ्या पोराला नको."

मॅलॅकीने मला भिंतीला टेकवले. साऱ्या रस्त्यावर फळ्या लागल्या. उघडे राहिले ते एकटे आमचे दुकान. कॉर्मकची शवपेटी माझ्यासमोरून गेली. मला हातपाय असते तर मी आपली आपण उठून उभी राहिले असते. पण फळीला कुणीतरी उचलावे लागते.

पुढे मॅलॅकी डब्लिनहून दुकानात परतला. तो आणि विनी कितीतरी वर्षे समोरासमोर दुकाने उघडत राहिली, पण बोलली नाहीत. तो पुन्हा खोक्यावर चढला नाही. डेलियाने त्यात बटाटे भरले.

शेवटच्या आजारात त्याने डेलियाकरवी विनीला निरोप धाडला, "माझी पेटी जाईल तेव्हा तू फळी लावू नकोस. तसा माझा हक्क नाही." विनीने ऐकून घेतले आणि पुढ्यातली रिबीन गुंडाळत राहिली, असे डेलियाने परत येऊन सांगितले.

त्याची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी डेलियाने मला लावले. विनी आपल्या दारात आली. तिच्या दोन्ही हातांत तिच्या खिडकीची मधली फळी होती. ती तिने खिडकीपर्यंत उचलली आणि थांबली. तिला ती लावता येईना, खाली ठेवता येईना. शवपेटी वळणाआड गेली तरी ती म्हातारी फळी उराशी धरून तशीच उभी होती. मी समोरून नुसती पाहत राहिले.

आता त्या दुकानांना लोखंडी शटर आली आहेत. मित्रांनो, मला घरात घ्या, रंग द्या, असे मी म्हणणार नाही. माझे लाकूड आता सरले. एवढेच सांगते, समोरच्या माणसाशी काही बोलायचे राहिले असेल, तर तो आपल्या पायांनी दारावरून जातो आहे तोवर बोलून घ्या. फळी गेलेल्यासाठी लावतात, आणि त्याला ती दिसत नाही.