दाबूनही न उघडलेला रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. माझे घर मोबाईलमध्ये. एक राखाडी चौकोन आणि त्यात एकच फिकट शब्द, ‘तारीख’.

मला करुणाने घडवले. हिंगोलीच्या बाजारात हळद आणणाऱ्यांना आपला दिवस घरूनच ठरवता यावा, म्हणून तिने हे अ‍ॅप केले. लांबट कांडी आणि गोल गट्टू, दोन्ही हळदींचे दिवस वेगळे. म्हणून वरच्या रकान्यात हळदीचा प्रकार निवडेपर्यंत मी बंद राहायचो. तोवर कुणी कितीही दाबले, तरी ते माझ्यातच विरून जाई. चुकीची तारीख कधी आत शिरली नाही. माझे कौतुक झाले.

आखाडा बाळापूरचे भीमराज हे करुणाचे वडील. लेकीचे अ‍ॅप गावात त्यांनी सर्वांआधी घेतले. वरच्या रकान्यात फिकट अक्षरांत ‘कांडी की गट्टू’ असे होते. तो भरलेलाच आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी मला दाबले. मी गप्प. त्यांनी बोट सदऱ्याला पुसले, पुन्हा दाबले, मग धरूनच ठेवले. हळद काढून, शिजवून त्या बोटावरच्या रेषा गेल्या होत्या. रेशनच्या यंत्रावरही त्यांचा अंगठा उमटत नसे.

शेजारचे जळबा म्हणाले, “दादा, लेकीचं अ‍ॅप बापालाच वळखंना की.”

“अ‍ॅप बराबर हाय. माझं बोटच घासून गेलंय,” म्हणत भीमराजांनी फोन खिशात टाकला. दुसऱ्याकडून भरून घेतले, तर लोक लेकीच्या कामाला नावे ठेवतील, ही त्यांना धास्ती. करुणाने फोनवर विचारले, तेव्हा झकास चालते म्हणाले. दोन हंगाम ते नंबर न लावताच हळद घेऊन गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले.

यंदा थंडीत ते आजारी पडले आणि गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जळबा त्या बोटाची गंमत सांगू लागले आणि करुणा ऐकते आहे हे पाहून मध्येच थांबले. करुणाने वडिलांचा फोन मागून घेतला. मला दाबले. मी गप्प. पुन्हा दाबले.

“आई,” ती सोजराबाईंना म्हणाली, “बाबांचं बोट चांगलं होतं.”

“मला काय सांगून राहिलीस, बाई. त्यांना सांगायचं व्हतं.”

त्यानंतर करुणाने मला बोलते केले. आता बंद असताना कुणी दाबले, तर मी म्हणतो, ‘तुमचे बोट बरोबर लागले आहे. आधी वर हळदीचा प्रकार निवडा.’ आणि वरचा रकाना उजळतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणी असे रकाने घडवील. बंद ठेवावे लागले तर खुशाल ठेवा, पण दाबणाऱ्याला कारण सांगा. नाहीतर तो आपल्याच बोटाला दोष देत निघून जातो.

या हंगामात पुष्कळ बोटे आली, पिवळी, खरखरीत. भीमराजांच्या फोनमध्येही मी आहे. सोजराबाई तो अजून चार्ज करून ठेवतात. तिथे ते वाक्य मला एकदाही म्हणावे लागलेले नाही.